आधी कोणाला उचललं

शेठ मला चावला. दुखलं ते नंतर. आधी एवढंच कळलं की अंगठ्यात काहीतरी घुसलंय आणि ते माझ्याच सशाचे दात आहेत. मी पलंगापाशी जमिनीवर बसले होते, कोथिंबिरीच्या दोन काड्या पुढे धरल्या होत्या, आणि तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता, रोजच्यासारखा. रोजच्यासारखा म्हणजे त्या मारामारीनंतरच्या रोजच्यासारखा. त्याआधीचा रोज वेगळा होता, तेव्हा मी नुसती जमिनीवर बसले तरी हा लठ्ठ प्राणी मांडीला थडकायचा आणि मनगट चाटत बसायचा, जणू माझी आंघोळ व्हायची राहिलीय. आज मी हाक मारली तर तो चक्क वळला. दोन उड्यांत आला. मला वाटलं, आला बाई एकदाचा, गेला राग. त्यानं कोथिंबीर हुंगली, मग माझा हात हुंगला, घशातून गुरगुरला आणि चावला, आणि चावून तसाच राहिला. मी ओरडलेसुद्धा नाही. त्याच्या डोळ्याकडे बघत बसले. सशाचा डोळा बाजूला असतो, त्यामुळे तो चावत असतानाही तुमच्याकडे नीट बघू शकतो. त्या डोळ्यात ओळख नव्हती. मग त्यानं सोडलं, मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला. कोथिंबिरीवर रक्ताचे थेंब पडले होते.

दारात पोरगी उभी होती. पोरगी म्हणजे माझ्या नवऱ्याची मुलगी. त्याच्या पहिल्या बायकोची, जी आता नाही. "लागलं का?" तिनं विचारलं. "नाही गं, काही नाही, जरासं," मी म्हणाले, आणि हसले. हसताना माझाच मला राग आला. अंगठ्यातून रक्त गळतंय आणि बाई हसतायत. पण हे हसू मी तिच्यासाठी राखून ठेवलेलं आहे, ते आपोआप येतं, दुकानदाराला गिऱ्हाईक दिसल्यावर येतं तसं. तिच्या मागे पॅसेजमध्ये तिची मोठी बॅग अर्धवट भरून उघडी पडली होती. संध्याकाळी तिची मावशी गाडी घेऊन येणार होती. पोरगी आणि तिची चिंधी, दोघी जाणार होत्या. चिंधी म्हणजे तिची ससीण, करड्या रंगाची, मुठीएवढी नाही पण दोन मुठींएवढी. "पट्टी आणू?" ती म्हणाली. "नको, तू तुझं आवर," मी म्हणाले. ती गेली.

कामावर गेले तर अंगठा नुसता ठणकत होता. मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, आम्ही मेणात दात बसवतो, वरचा जबडा नि खालचा जबडा बिजागरीच्या यंत्रावर चढवून पुन्हा पुन्हा मिटवून बघतो आणि मधे निळा कागद धरतो. जिथे निळा डाग जास्त गडद, तिथे दात कणभर उंच. तो घासायचा. कण म्हणजे खरोखर कण, पण तेवढा राहिला तर माणसाचा घास, झोप, स्वभाव, सगळं बिघडतं. या कामात अंगठ्यावाचून काही होत नाही. मेण गरम करायचं, अंगठ्यानं दाबायचं. मी दाबायला गेले आणि डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या टेबलावरून पॉलिशवाली बघत होती. ती कवळ्यांना चकाकी देते आणि बाकीच्या जगाला सल्ले. "कोण चावलं? नवरा?" तिनं विचारलं. ससा म्हटल्यावर तिनं मान खाली घालून पुन्हा कवळी घासायला घेतली, कारण सशांच्या बाबतीतला तिचा सल्ला आम्ही घेतला होता.

नवरा मला या कामामुळेच मिळाला. जवळचं दिसेना म्हणून चष्मा करायला गेले, तर काउंटरमागच्या चष्मेवाल्यानं डोळे तपासायच्या आधी विचारलं, "हात कुठे ठेवून काम करता?" मी हात धरून दाखवले. त्यानं पट्टी घेऊन माझ्या डोळ्यांपासून माझ्या हातांपर्यंतचं अंतर मोजलं. इतकी वर्षं एकटी राहिल्यावर कोणी आपले हात कुठे असतात हे विचारलं की माणूस विरघळतं. लग्न झालं तेव्हा माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, या वयात तयार मुलगी मिळाली, सगळं आयतं. मी हसले. मला मूल नको होतं, खरं सांगायचं तर माणसंच फारशी नको होती. मला शेठ पुरत होता. पण ती आली त्या दिवशी मांडीवर पिंजरा घेऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसली, पाहुणी बसते तशी, आणि चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "चिंधी इथे रुळली तर मी राहीन. नाहीतर मावशीकडे जाईन. बाबांना सांगितलंय मी." चष्मेवाला खाली बघत होता. सुट्टी संपायच्या आत ठरायचं होतं, कारण पुढचं कॉलेज त्यावर अवलंबून होतं. आणि मला, काय सांगू, त्या क्षणी ती कडेला बसलेली पोरगी सोफ्यावर नीट मागे रेलून बसलेली बघायची फार इच्छा झाली. असं काही आपल्याला होऊ शकतं याचा मला धक्काच बसला होता. मी कोणाला बोलले नाही.

मग मी चांगली वागायला लागले. जीव तोडून चांगली. सावत्र हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता, पण तो माझ्या डोक्यात घर करून होता, आणि कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही असा मी चंग बांधला. मोठी खोली तिला. नवा टॉवेल तिला. शेठला जितकं गवत तितकंच चिंधीला, पानं मोजून दोन वाट्यांत सारखी. ती उशिरा आली तरी "दमलीस का?" ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी मी मुकाट्यानं उचलायचे. हाक मारण्याची पंचाईत होती. आई म्हणणं शक्य नव्हतं, मी अपेक्षाही केली नव्हती. मावशी म्हणावं तर मावशी होतीच, सख्खी, गाडीवाली. काकू म्हणजे शेजारीण. शेवटी ती मला "अहो" म्हणायला लागली. चष्मेवाला हसायचा, म्हणायचा, घरात नवरा मी आणि अहो तुला. मीही हसायचे. त्याला मी 'अरे' म्हणते, ती 'बाबा' म्हणते, शेठला आम्ही सगळे लाडानं काहीही म्हणतो, आणि मी अहो. तिनं माझा निळा कप फोडला तेव्हासुद्धा मी म्हणाले, असू दे गं, जुनाच होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं नीट सांगितलं होतं. मधे जाळी लावा. याचं अंथरूण तिकडे, तिचं इकडे, वासाची सवय होऊ द्या. जाळीच्या दोन बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला द्या. मग कधीतरी, दोघांच्याही मालकीची नसलेल्या जागी, थोडा वेळ समोरासमोर. "किती दिवस लागतील?" मी विचारलं. "ते त्यांना विचारा," त्या म्हणाल्या, "महिनेसुद्धा लागतात. ससा हा प्राणी गरीब दिसतो हो, पण जागेच्या बाबतीत फार कडवा." घरी येऊन मी जाळीचं सांगितलं, महिन्यांचं सांगितलं नाही. सुट्टी किती उरलीय ते सगळ्यांना माहीत होतं. अति घाई संकटात नेई, हे काय मला ठाऊक नव्हतं? जाळी लावली तर शेठ दिवसभर तिच्यापुढे फेऱ्या घालायचा, शेपूट उभारून, आणि चिंधी तिच्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यात दडून. दिवस चालले होते. तेव्हा पॉलिशवालीनं उपाय सांगितला. तिच्या बहिणीकडे ससे होते म्हणे. दोघांना एका टोपलीत घालायचं आणि टोपली चालू वॉशिंग मशीनवर ठेवायची, कपडे पिळायला लागतं तेव्हा. मशीन थडथडतं, ससे घाबरतात, घाबरले की एकमेकांना चिकटतात. "चिकटले की सवय होते," पॉलिशवाली म्हणाली, "सवय झाली की झालं. आपली लग्नं तरी दुसरी कशी होतात?" आणि मला ते पटलं. भीतीनं अंग अंगाला लागतं हे खरंच आहे, त्यात खोटं काय.

तो प्रयोग रविवारी सकाळी केला. टोपलीत जुनी चादर, दोघांना आत ठेवलं, वर जाळीचं झाकण. मशीन फिरायला लागलं आणि खरंच, काय सांगावं, शेठनं आपलं लठ्ठ अंग चिंधीवर टेकवलं, चिंधीनं आपलं डोकं त्याच्या हनुवटीखाली खुपसलं, आणि दोघं डोळे विस्फारून एकमेकांना बिलगून राहिले. त्यांचे कान आडवे झाले होते. श्वास इतका जोरात की चादर हलत होती. "बाबा, बघा ना!" पोरगी ओरडली आणि तिनं माझी बाही धरली. ते तिच्या लक्षातही नसेल. मशीन थडथडत होतं, त्यावर आमचे दोन ससे जिवाच्या आकांतानं एकमेकांना धरून होते, आणि आम्ही तिघं कौतुकानं बघत होतो. मला आठवतं, मी तेव्हा अगदी सुखात होते. बाहीवरच्या त्या बोटांकडे न बघता मी उभी होते, हलले तर ती सोडेल म्हणून. मशीन थांबलं तर मला वाईट वाटलं. आपण जनावरांचा छळ करतोय हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. भाषेत ससेहोलपट हा शब्द उगीच नाही, आम्ही तो मशीनवर ठेवून करून दाखवला.

आणि मग आम्ही टोपली उघडली ती स्वयंपाकघरात. मशीन तिथेच होतं, म्हणून तिथेच. सिंकखालची जागा शेठची आहे, तो लहान होता तेव्हापासून, ओट्याच्या पायाला त्यानं हनुवटी घासघासून डाग पाडले आहेत. हे मला माहीत होतं. मी विसरले नव्हते, मला ते तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. चिंधी टोपलीतून उतरली आणि घाबरलेला ससा जिथे जाईल तिथे गेली, अंधाऱ्या जागी, सिंकखाली. शेठनं एकदा पाय आपटला. पुढचं फार भराभर झालं. दोघं एकमेकांभोवती गोल फिरायला लागले, इतक्या वेगानं की कोण कुठला कळेना, करडे नि पांढरे केस हवेत उडत होते, आणि मग एक किंकाळी. ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. तो जन्मभर गप्प असतो आणि मग लहान मुलासारखा ओरडतो. पोरगी खाली बसली, हात पुढे घातला, मागे घेतला. मी दोन्ही हात घातले आणि उचललं. उचलून छातीशी धरलं, आणि पाठ फिरवली, आणि म्हणाले, "लागलं का रे? लागलं का माझ्या राजाला?" मी शेठला उचललं होतं. त्याला काही झालं नव्हतं. त्याच्या तोंडात करड्या केसांचा पुंजका होता. मागे जमिनीवर चिंधी पाठीतून रक्त गाळत पडली होती आणि पोरगी "चिंधी, चिंधी" म्हणत होती, आणि मी माझ्या सशाचे पंजे तपासत होते. चष्मेवाला नंतर म्हणाला, बरोबरच केलंस, मारणाऱ्याला उचललं की भांडण मिटतं. तो भला माणूस आहे, प्रत्येकाला साजेसा नंबर काढून देतो. पण मला माहीत होतं, मी भांडण मिटवायला हात घातला नव्हता. समोर दोन जीव होते आणि हातांनी आपला उचलला. मोजून पानं वाटणारी मी, माझेच हात मला अनोळखी झाले.

त्या दिवसापासून घरात दोन निराळेच ससे राहतात. चिंधीच्या पाठीला टाके पडले, ते भरले, पण ती आता छातीवरचे केस स्वतःच उपटते. कोणी बघत असेल तर खात नाही. पोरगी जवळ गेली की दगड होते, डोळासुद्धा हलवत नाही. ती पोरगी रोज तासन् तास शेजारी आडवी पडून राहते आणि चिंधी दगडाची दगड. शेठ माझ्या पलंगावर लघवी करतो, नेमकी माझ्या बाजूला. भिंतीकडे तोंड करून बसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचा भरवसा गेलाय, नुसता एकमेकांवरचा नाही, सगळ्यांवरचाच. पोरीनं ते ऐकलं आणि घरी येऊन मावशीला फोन केला. बोलली फार नाही. मी म्हणाले, "तुला जसं बरं वाटेल तसं कर." आणि रात्रीची भांडी घासली.

दुपारी जबड्यांच्या साच्याचं प्लॅस्टर लागलेला हात धुवायला गेले, साबण लावला, अंगठा चुरचुरला, आणि नळ चालू ठेवून मी तशीच उभी राहिले. सकाळी मी चिंधीच्या पाठीला मलम लावलं होतं. पोरगी आंघोळीला गेली होती म्हणून मी लावलं, आणि हात न धुता शेठकडे गेले होते. ससे पाळणाऱ्याला हे कळायला हवं, पहिला धडा आहे तो. तो मला चावलाच नव्हता, तो चिंधीच्या वासाला चावला होता. माझ्या हाताला आता तिचा वास होता, आणि त्याच्या हिशोबानं मी त्या बाजूची झाले होते. आणि पोरीच्या हिशोबानं मी शेठच्या बाजूची. म्हणजे मला कोणतीच बाजू उरली नव्हती. माझ्या तोंडून काहीतरी आवाज आला असावा, कारण पॉलिशवाली उठून आली. "जा घरी," ती माझ्या अंगठ्याला पट्टी बांधत म्हणाली. "मालकांना मी सांगते. या हातानं आज दात तिरपेच बसतील."

घरी पोचले तर मावशी आधीच आली होती. गाडी खाली उभी होती, चष्मेवाला मोठी बॅग डिकीत बसवत होता, बसेना म्हणून दोघं वाद घालत होते. मी वर गेले. पोरगी दाराशी बूट घालून उभी होती, खांद्याला दुसरी बॅग, पायाशी चिंधीचा पिंजरा, त्यावर चादर. माझ्या चेहऱ्यावर ते हसू आलं.

"टॉवेल घेतलास?"

"हो."

"चार्जर? चिंधीचं मलम खालच्या कप्प्यात होतं बघ."

"घेतलं." तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर सरकवला. "अहो, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी तुम्ही शेठला का उचललंत?"

उत्तर तयार होतं. "मारणाऱ्याला उचललं की भांडण मिटतं ना, म्हणून."

"ते बाबांचं वाक्य आहे."

जिन्यात कोणाचं तरी दार वाजलं.

"चिंधीच्या पाठीतून रक्त येत होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याला विचारत होतात, लागलं का रे माझ्या राजाला."

"हो," मी म्हणाले. "विचारलं मी. चुकलं माझं. मी मुद्दाम नाही गं—"

"चुकलं नाही म्हणत मी. ऐका ना. मला राग आला, खूप आला. पण बरंसुद्धा वाटलं."

"काय?"

"बरं वाटलं. म्हणजे ह्यांना येतं तर, असं वाटलं. कोणाला तरी असं धरता येतं ह्यांना. मला वाटायचं तुम्ही अशाच आहात, हॉटेलातल्यासारख्या. सगळं वेळेवर, सगळं धुतलेलं. इतक्या दिवसांत एकदासुद्धा तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. तो कप फोडला मी, तर म्हणालात जुनाच होता. जुना नव्हता तो."

"नव्हता," मी म्हणाले.

"बघा."

जे मी तिच्यापासून जिवापाड लपवत होते, ज्याच्या लाजेनं मला नीट झोप लागत नव्हती, ते तिला आवडलं होतं. आणि ज्याच्यासाठी मी रोज झिजत होते, त्याच्यापासून ती पळून चालली होती. माझ्या चांगुलपणापासून. तिनं खाली वाकून पिंजऱ्यावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

"मग जाऊ ना मी?" ती म्हणाली.

तिचा फोन वाजायला लागला. मावशीचा. तिनं उचलला नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि फोन वाजत होता. "तुला जसं बरं वाटेल," मी म्हणाले, खरंच म्हणाले, माझ्याच तोंडून ते गुळगुळीत शब्द बाहेर पडताना मी ऐकले. तिचा चेहरा मिटला. ती वळली, दाराच्या कडीला हात घातला, आणि त्याच वेळी तिच्या बॅगेचा पट्टा ताणला गेला. मागे कोण ओढतंय ते मला आधी कळलं नाही. मीच ओढत होते. इतक्या जोरात की ती मागे कोलमडली, चपलांच्या कपाटावर आदळली, आतले दोन बूट घरंगळत बाहेर आले, पिंजऱ्यात चिंधीनं पाय आपटला.

"काय करताय! लागलं ना मला!"

लागलं होतं. कोपर सोलवटलं होतं, मला दिसत होतं. फुंकर घालायला हवी होती, मलम आणायला हवं होतं, निदान सॉरी तरी. माझ्या अंगठ्याची पट्टी सुटून लोंबत होती आणि मी पट्टा दोन्ही हातांना गुंडाळत होते.

"लागू दे," मी ओरडले. "जायचं नाहीये तुला. कुठे चाललीस? बस खाली!"

माझा आवाज जिन्यात घुमला. खाली हॉर्न वाजला, मग चष्मेवाल्याची हाक आली, काय झालं गं, काय झालं? पोरगी माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. मग तिनं सगळा जोर लावून बॅग एकदा ओढून पाहिली. मी सोडली नाही.